एमआयडीसीचं आश्वासन न देता लढवलेली नगराध्यक्षपदाची निवडणूक

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेचं आहे. शहर, पक्ष आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि गावापुरते आकडे मुद्दाम मोघम ठेवले आहेत. कायदे, योजना आणि तारखा मात्र खऱ्या आहेत. काळ 2016 च्या निवडणुकीपासून त्यापुढच्या निवडणुकीपर्यंतचा, म्हणजे नऊ वर्षांचा. पाचाची नऊ कशी झाली ते पुढे येईलच.

पार्श्वभूमी

‘ब’ वर्ग म्हणजे लोकसंख्या 40 हजारांच्या वर आणि 1 लाखाच्या आत. हे गाव तालुक्याचं ठिकाण, कापसाच्या पट्ट्यातलं. काही जिनिंग, मोंढा, सोमवारचा आठवडी बाजार, एसटी स्टँडसमोरची हातगाड्यांची रांग आणि सरकारी कचेऱ्या, एवढ्यावर गावाचं चालतं. आयटीआय-कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं चाकण-रांजणगावची वाट धरतात आणि दिवाळीला परत दिसतात. गावाबाहेर एमआयडीसीचं क्षेत्र फार पूर्वी जाहीर झालंय. प्लॉट वाटून झालेत, शेड मोजक्याच, बाकी सगळी कुसळं. दर निवडणुकीत या कुसळांवर एक मोठा कारखाना उभा राहतो आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी नाहीसा होतो.

2016 मध्ये नगराध्यक्ष थेट मतदारांनी निवडायचा ठरला आणि नगरसेवकांसाठी दोन सदस्यांचे प्रभाग झाले. इथलं नगराध्यक्षपद महिलेसाठी राखीव निघालं. रिंगणात खऱ्या अर्थाने तीन उमेदवार होत्या. पहिल्या उमेदवाराच्या जाहीरनाम्यात पहिलं कलम ‘एमआयडीसीत मोठा उद्योग आणणार’. दुसऱ्या उमेदवाराचं आश्वासन ‘नगरपरिषदेत स्थानिक तरुणांची भरती आणि कारखान्यांत 80 टक्के भूमिपुत्र’. तिसऱ्या उमेदवाराने बचत गटांचं काम बरीच वर्षं केलेलं. सगळं गाव त्यांना ताई म्हणायचं, म्हणून इथेही ताईच. त्यांच्या आघाडीचा जाहीरनामा अजून लिहायचा होता.

मतदान पहिल्या टप्प्यात, 27 नोव्हेंबरला. त्याआधी 8 नोव्हेंबरला नोटाबंदी जाहीर झाली आणि रोजगाराचा विषय रातोरात बदलला. जिनिंगवरच्या हमालांचा हप्ता रोखीत मिळायचा, तो अडला. मोंढ्यात व्यापारी शेतकऱ्याच्या हातात चेक ठेवू लागले. सोमवारचा बाजार निम्म्यावर आला. नगरपरिषदेच्या वसुली खिडकीवर मात्र झुंबड होती. जुन्या पाचशे-हजाराच्या नोटांनी घरपट्टी-पाणीपट्टी भरायची मुभा मिळाली होती आणि तिची मुदत 24 नोव्हेंबरपर्यंत वाढत गेली. थकबाकीच्या यादीत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेली मंडळी नोटांची पुडकी घेऊन स्वतः रांगेत उभी राहिली. गावात पैसा नाही आणि नगरपरिषदेत पैसाच पैसा, अशा विचित्र पंधरवड्यात हा प्रचार झाला.

अडचण

ताईंच्या आघाडीतल्या तरुणांचं म्हणणं सरळ होतं. समोरचे कारखाना देतायत, आपण निदान दोन कारखाने लिहू. जाहीरनामा वाचतं कोण, बॅनरवर काय येतं ते महत्त्वाचं.

बैठकीला नगरपरिषदेतून निवृत्त झालेले एक लेखापाल होते. ते नगरपरिषदेचं अंदाजपत्रक घेऊन आले होते. त्यांनी एकच प्रश्न टाकला: यातलं कुठलं पान बदलून तुम्ही कारखाना आणणार?

त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं, आणि ते असणारही नव्हतं. 74 व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी 18 विषय दिले. त्यांत ‘आर्थिक व सामाजिक विकासाचं नियोजन’ आहे, ‘नागरी दारिद्र्य निर्मूलन’ही आहे. कागदावर रोजगार नगरपरिषदेच्या कक्षेत येतो. पण उद्योगाची जमीन 1961 च्या कायद्याखालच्या महामंडळाकडे, म्हणजे एमआयडीसीकडे, उद्योगाला द्यायच्या सवलती सामूहिक प्रोत्साहन योजनेत, आणि या सवलतींसाठी कुठला तालुका कुठल्या गटात बसतो हे मंत्रालयात ठरतं. नगराध्यक्ष निवेदन देऊ शकतो, फोटो काढू शकतो. बस.

दुसऱ्या उमेदवाराच्या आश्वासनाचीही तीच गत. नगरपरिषदेत किती पदं, हे शासनाने मंजूर केलेल्या आकृतिबंधाने ठरतं. ठराव करून शिपाई वाढवता येत नाही. आणि स्थानिकांना 80 टक्के हे राज्य सरकारचंच धोरण. 2008 चा शासन निर्णय आहे, त्याची अंमलबजावणी उद्योग विभागाने बघायची. नगरपरिषदेचा त्यात संबंध नाही.

इथवर सगळे लेखापालांशी सहमत झाले. खरी अडचण त्यापुढची. नगरपरिषदेच्या हातात जे आहे ते ऐकायला फारच किरकोळ वाटतं. गाळा, ओटा, पावती, परवाना, बिल. बेकार पोराच्या बापापुढे उभं राहून ‘आम्ही बाजाराच्या पावतीचा दर फलकावर लावू’ असं म्हणायला जीभ रेटत नाही.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय, सगळ्यांसारखं एमआयडीसी लिहून मोकळं व्हायचं. खर्च शून्य. पाच वर्षांनी कोणी विचारलंच तर सरकारकडे बोट दाखवायची सोय. आघाडीतले बहुसंख्य याच बाजूचे होते आणि निवडणुकीचं गणित म्हणून ते चुकीचं नव्हतं, हे मान्य करायला हवं.

दुसरा पर्याय कंत्राटी नोकऱ्यांचा. सफाईचा ठेका, पाण्याच्या टाक्यांवरचे वॉचमन, कराची बिलं वाटणारी मुलं. आकृतिबंध आडवा येत नाही, कारण माणसं ठेकेदाराची. गावोगावी कार्यकर्त्यांची सोय अशीच लावली जाते. ताईंनी हा पर्याय लगेच बाजूला ठेवला नाही. त्यांच्या बचत गटांतल्या बऱ्याच बायकांचे नवरे सफाईच्या ठेक्यावर होते. किमान वेतनापेक्षा कमी हातात पडतं, भविष्य निर्वाह निधी कापला जातो पण भरला जात नाही, हे त्या जवळून बघत होत्या. म्हणून त्यांनी उलट बाजूने विचार केला: नवी माणसं लावण्यापेक्षा आहेत त्यांना पूर्ण पगार मिळतो का, एवढं बघता येईल?

तिसरा, कर्ज मेळावे आणि प्रशिक्षण. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान 2016 मध्ये सगळ्या वैधानिक शहरांना खुलं झालं होतं. वैयक्तिक व्यवसायाला 2 लाखांपर्यंत, गटाला 10 लाखांपर्यंत कर्ज, 7 टक्क्यांवरचं व्याज सरकार भरणार. योजना चांगली. पण कर्ज देणार बँक. नगरपरिषद प्रस्ताव पाठवायची आणि शाखाधिकाऱ्याच्या टेबलावर ते पडून राहायचे. बचत गट चालवलेल्या बाईला हे शिकवायची गरज नव्हती.

चौथा पर्याय लेखापालांचा. गावात आज जे लोक कमावून खातायत त्यांच्या वाटेत नगरपरिषद कुठे कुठे आडवी येते, त्याची यादी करायची आणि तेवढंच आश्वासन द्यायचं.

त्यासाठी सगळे एक सोमवार बाजारात फिरले. तहबाजारीचा, म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून घ्यायच्या शुल्काच्या वसुलीचा, ठेका दरवर्षी लिलावाने जायचा. ठेकेदाराची पोरं पावती पुस्तक काखेत मारून फिरत होती. भाजीच्या पाटीमागे दहाची पावती आणि वसुली वीस. कोथिंबिरीची एकच पाटी घेऊन बसलेल्या म्हातारीलाही तेवढेच, आणि पावती मागितली तर जुडी उचलायची. पुढे व्यापारी संकुल. वरच्या मजल्यावरचे बहुतेक गाळे बांधल्यापासून बंद, शटरवर वाढदिवसाच्या पोस्टरचे थर. अनामत रक्कम आणि भाडं नगररचना विभागाच्या मूल्यांकनावरून ठरलेलं, ते गावच्या धंद्याला झेपणारं नव्हतं. खालचे चालू गाळे ज्यांच्या नावावर होते त्यातले कितीतरी लोक स्वतः तिथे बसतच नव्हते, पोटभाडेकरूकडून तिप्पट घेत होते. आणि त्याच बंद शटरसमोर, रस्त्यावर, एक चहाची गाडी जोरात चालली होती. अतिक्रमण हटाव आलं की तिचं सामान उचललं जायचं आणि दंड भरून परत मिळायचं.

हा पर्याय स्वस्त दिसतो, पण यातली प्रत्येक गोष्ट गावातल्या कोणाच्या तरी पोटावर येत होती. तहबाजारीचा ठेकेदार आघाडीच्याच एका उमेदवाराचा मेव्हणा. गाळेवाले म्हणजे व्यापारी संघटना, म्हणजे निवडणुकीचा पैसा. कारखान्याच्या आश्वासनाने कोणी दुखावत नाही. पावतीच्या दराने लगेच दुखावतं. स्थानिक निवडणुकीत रोजगाराच्या गप्पा कायम गावाबाहेरच्या माळरानावर का चालतात, याचं मला सापडलेलं हेच एक पटणारं कारण आहे.

प्रचारात काय केलं

शेवटी एकपानी पत्रक निघालं. दोन रकाने. डावीकडे ‘नगरपरिषदेच्या हातात आहे, ते करू’. उजवीकडे ‘नगरपरिषदेच्या हातात नाही, त्याचा पाठपुरावा करू’. एमआयडीसी उजवीकडे गेली. तरुणांशी झालेली तडजोड ती. डावीकडे पाच गोष्टी होत्या: तहबाजारीचा दर फलकावर आणि पावती सक्तीची; बंद गाळे लहान करून लिलावात; पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण आणि प्रमाणपत्र; सफाई कामगारांचा पगार बँकेत; लहान ठेकेदारांची बिलं नोंदणीच्या क्रमाने.

विरोधकांनी यथेच्छ टिंगल केली. आम्ही कारखान्याचं बोलतो, ह्या कोथिंबिरीचं बोलतात, असं भर सभेत झालं. त्याने ताईंचं नुकसान झालं नाही, कारण त्या पंधरवड्यात कोथिंबीर विकणारी बाई खरोखरच अडचणीत होती. नोटाबंदीने माणसाला उद्याच्या कारखान्यापेक्षा आजच्या सुट्या पैशांची काळजी लावली होती. इतर कुठल्या वर्षी हे पत्रक चाललं असतं का, मला शंका आहे.

कॉलेजातल्या पोरांपुढे मात्र पत्रक पडलं. एकाने विचारलं, ‘ताई, मी डिप्लोमा केलाय, मला गाळा देताय?’ ताईंनी नोकरी नगरपरिषद देऊ शकत नाही असं सांगितलं आणि उजव्या रकान्यावर बोट ठेवलं. टाळी पडली नाही.

ताई थोड्या मतांनी निवडून आल्या. सभागृहात बहुमत मात्र पहिल्या उमेदवाराच्या पॅनेलचं. थेट निवडणुकीत नगराध्यक्ष एकाचा आणि सभागृह दुसऱ्याचं, हे त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी झालं.

सत्तेत आल्यावर

गाळे. ताईंचं पहिलं पाऊल घाईचं होतं. काही बंद गाळे महिला बचत गटांना सवलतीच्या भाड्याने थेट द्यायचा विषय त्यांनी सर्वसाधारण सभेपुढे आणला. बचत गटांना ‘नाही’ म्हणायची हिंमत विरोधकांतही कोणाची झाली नाही, ठराव मंजूर झाला. मुख्याधिकाऱ्यांनी टिपणीत स्पष्ट लिहिलं होतं की नगरपरिषदेची मिळकत लिलावाशिवाय आणि मूल्यांकनापेक्षा कमी भाड्याने देता येणार नाही. ती टिपणी कोणी वाचली नाही. महिन्याभरात एका नगरसेवकाची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे गेली आणि 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम 308 खाली ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती आली. ठरावाला हात वर करणाऱ्यांपैकीच तो एक होता, हे सांगायला नको.

इथे दोन रस्ते होते. स्थगिती घेऊन मोर्चा काढायचा, बायकांचा घास हिरावला म्हणून. सल्लागार त्याच मताचे होते आणि मोर्चा जोरदार झाला असता. ताई नगररचना कार्यालयात गेल्या. मोठे गाळे मधे भिंत घालून दोन केले तर मूल्यांकन क्षेत्रफळाप्रमाणे खाली येतं, अनामतही. नव्या लिलावात काही गाळे बचत गटांसाठी राखून त्यांच्यात आपसात बोली लावता येते. याला वर्षाहून जास्त गेलं. दोन लिलावांना कोणी फिरकलं नाही. तिसऱ्याला खालच्या मजल्यावरचे गेले, वरचे काही गेले, काही आजही बंद आहेत.

तहबाजारी. प्रकरणातला सगळ्यात बोधक भाग मला हा वाटतो. ठेक्याचं नूतनीकरण आलं तेव्हा अटींत दरफलक आणि छापील क्रमांकाची पावती टाकली. परिणाम असा की लिलावातली बोली आदल्या वर्षीपेक्षा खाली आली. साहजिकच होतं. ठेकेदार आधी जो आकडा बोलायचा त्यात वरकमाई धरलेली असायची. म्हणजे म्हातारीच्या जुडीतला हिस्सा ठेकेदारामार्फत नगरपरिषदेच्या तिजोरीत ‘उत्पन्न’ म्हणून जमा होत होता. विरोधकांनी सभागृहात आकडे फडकावले: नगराध्यक्षांनी नगरपरिषदेचं नुकसान केलं. लेखापरीक्षणात आक्षेप निघेल अशी भीती मुख्याधिकाऱ्यांनाही वाटू लागली.

ठेका रद्द करून नगरपरिषदेच्या कर्मचाऱ्यांकडून वसुली करायचा प्रयोग झाला. सोमवारी पहाटे बाजारात हजर राहणारे कर्मचारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यात निम्मे निवडणूक आणि सर्वेक्षणाच्या कामांवर लावलेले. उत्पन्न आणखी घटलं. शेवटी ठेकाच ठेवला, फलक राहिला, घटलेली बोली मान्य केली. विक्रेत्यांच्या खिशात किती राहिलं याची नोंद मात्र कोणी ठेवली नव्हती, त्यामुळे तोटा कागदावर दिसला आणि फायदा दिसलाच नाही.

पथविक्रेते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण झाल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही, आणि शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं लागतं. नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडून आलेले हवेत. इथे सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा विक्रेतेच पळाले. नाव लिहून घेतायत म्हणजे उठवणार, हा अनुभवाचा हिशेब. बचत गटाच्या बायका सोबत फिरल्या तेव्हा कुठे नावं आली. मग उलटं झालं: एका घरातून तीन गाड्या, मुंबईला गेलेल्या भावाचं नाव, नगरसेवकाच्या ओळखीचे चार. यादी दोनदा तपासली, आधार जोडले, फोटो काढले. काम कंटाळवाणं. यात कुठलंही उद्घाटन नाही, कोनशिला नाही.

हॉकर्स झोन आखताना एसटी स्टँडसमोरचा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघाला. सगळ्यात चांगला धंदा तिथेच. तो प्रश्न सुटला नाही.

सफाई कामगारांचे पगार बँकेत जायला लागले, ठेकेदाराने एटीएम कार्डं स्वतःकडे ठेवली, ती काढून घ्यायला आणखी एक भांडण झालं. बिलांचा क्रम फारसा पाळला गेला नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर चालू कामांचे दर आणि निविदा यांचा असा गोंधळ झाला की त्या वर्षी क्रमापेक्षा कोणाचं काम बंद पडलंय हेच बघावं लागलं. एमआयडीसीसाठी निवेदनं गेली, पोचपावत्या आल्या.

परिणाम

मार्च 2020 पर्यंत या सगळ्याचं फळ काय, असं कोणी विचारलं असतं तर उत्तर देणं अवघड होतं. मग टाळेबंदी आली, आठवडी बाजार बंद, हातगाड्या घरात. 1 जून 2020 ला पीएम स्वनिधी योजना आली: 24 मार्च 2020 ला किंवा त्याआधी धंदा करत असलेल्या पथविक्रेत्याला 10 हजारांचं खेळतं भांडवल, वेळेवर फेड केल्यास 7 टक्के व्याज अनुदान. पात्रतेचा पहिला प्रश्न, सर्वेक्षणात नाव आहे का? प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र आहे का?

इथे होतं. यादी तयार होती, आधार जोडलेले, फोटो काढलेले. ज्या गावांत सर्वेक्षणच झालेलं नव्हतं तिथे शिफारसपत्रासाठी नगरपरिषदेच्या दारात गर्दी झाली. इथे ती गर्दी थोडी होती आणि अर्ज आधी गेले. सगळ्यांना कर्ज मिळालं असं नाही. जुनं थकीत कर्ज असलेल्यांना बँकेने परत पाठवलं, काहींनी पैसे घरखर्चात घातले आणि दुसऱ्या टप्प्यातल्या कर्जाला मुकले. तरी त्या पावसाळ्यात बऱ्याच गाड्या या दहा हजारांवर रस्त्यावर परतल्या. सर्वेक्षण करताना या योजनेची कल्पना कोणालाही नव्हती, हेही खरं.

बाकीचा ताळेबंद संमिश्र. बचत गटांच्या गाळ्यांपैकी काही चालले: शिवणकाम, मसाला कांडप, एक झेरॉक्स. काही गाळे नावाला गटाचे आणि चालवणारा दुसराच, म्हणजे जुना पोटभाड्याचा रोग नव्या घरात. डिप्लोमावाली पोरं चाकणला जातच राहिली. गावातली बेकारी कमी झाली असं म्हणायला काही आधार नाही.

आणि या कामाचा निकाल मतदारांना द्यायचा, तर तोही लागला नाही. सभागृहाची मुदत संपली आणि निवडणूक लागलीच नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबत सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2021 ला तिहेरी चाचणीची (आरक्षण देण्याआधी पूर्ण करायच्या तीन निकषांची) अट घातली, त्यातून राज्यभरातल्या स्थानिक निवडणुका रखडल्या आणि नगरपरिषदांवर प्रशासक बसले. 6 मे 2025 ला न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून आदेश दिला. नगरपरिषदांचं मतदान 2 डिसेंबर 2025 ला सुरू झालं, मोजणी 21 डिसेंबरला. मधल्या काळात दरफलक वाऱ्याने पडला, पुन्हा लागला नाही. पावती पुन्हा मागावी लागते.

वेगळं काय करता आलं असतं

बचत गटांच्या गाळ्यांचा ठराव मुख्याधिकाऱ्यांच्या टिपणीशी न भांडता आधीच लिलावाच्या चौकटीत बसवला असता तर वर्ष वाचलं असतं. नव्या नगराध्यक्षांना हा मोह होतोच: ठराव झाला म्हणजे काम झालं. टिपणीतला विरोध वाचायची सवय पहिल्या सभेपासून लावायला हवी. नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांच्यात पुढे सलोखा झाला, पण तो स्थगितीनंतर.

तहबाजारीत तोटा दिसणार हे लिलावाआधीच सभागृहात सांगून ठेवायला हवं होतं, आकड्यानिशी. एका सोमवारी दहा पाट्यांवर किती घेतात आणि किती पावती देतात एवढं मोजलं असतं तरी पुरे होतं. तेव्हा ‘नुकसान’ या आरोपाला उत्तर मिळालं असतं. याच्याशी काही जण सहमत नाहीत. त्यांच्या मते असा हिशेब मांडला असता तर ठेकेदाराचा मेव्हणा पहिल्याच सभेत आघाडी सोडून गेला असता. तो तसाही दुसऱ्या वर्षी गेला.

कॉलेजच्या पोरांसाठी पत्रकात काहीच नव्हतं, ही खरी उणीव. नोकरी नगरपरिषद देऊ शकत नाही हे बरोबर, पण उपजीविका अभियानात कौशल्य प्रशिक्षणाचा भाग होता, गावात आयटीआय होती, आणि नगरपरिषदेच्याच पाणीपुरवठा व पथदिव्यांच्या दुरुस्तीची कामं बाहेरगावचे ठेकेदार करत होते. या तिन्हींची सांगड घालणं नगरपरिषदेच्या आवाक्यात होतं. ते डाव्या रकान्यात सहज बसलं असतं. जाहीरनाम्याच्या बैठकीत बाजारात फिरून आलेले सगळे चाळिशीपुढचे होते, म्हणून ते कोणाला दिसलं नाही, असं मला वाटतं.

पत्रकातल्या पाच गोष्टींचं वर्षाअखेर काय झालं ते त्याच दोन रकान्यांत छापून वाटायला हवं होतं. एकदाही वाटलं नाही. त्यामुळे 2025 च्या प्रचारात विक्रेत्यांच्या प्रमाणपत्रांचं श्रेय प्रत्येक उमेदवाराने आपापल्या बॅनरवर घेतलं आणि कोणाला खोडता आलं नाही. ताईंचं नाव आरक्षणाच्या फेऱ्यात बाहेर गेलं होतं. त्यांच्या जुन्या आघाडीच्या नव्या पत्रकात एमआयडीसी पहिल्या क्रमांकावर होती. पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण कायद्याने पाच वर्षांतून एकदा तरी व्हावं लागतं. जुन्या यादीतले काही वारले, काही गाव सोडून गेले, टाळेबंदीनंतर नवे कितीतरी गाडी लावून उभे राहिले. नवं सर्वेक्षण घेऊ, असं एकाही पत्रकात नव्हतं.